मेंदूच्या डेटावर एआय चालवायचंय? एथिक्स कमिटीचा अर्ज असा तयार करा

ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून घेतलेली मेंदूच्या लहरींची नोंद) आणि मशीन लर्निंगचे प्रकल्प, माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या आमच्या एथिक्स कमिटीपुढे येऊ लागले, तेव्हापासून वैज्ञानिक सदस्य म्हणून मी ते वाचते आहे. बरेचसे पहिल्याच बैठकीत परत जातात, आणि कारण जवळपास एकच असतं. अर्जात टोपी, जेल, चॅनेल, अल्गोरिदम असं सगळं असतं. मॉडेल त्या माणसाबद्दल काय काय ओळखू शकेल, एवढंच लिहायचं राहून जातं. टोपी डोक्यावर वीस मिनिटं असते, तिचा त्रास नगण्य, म्हणून विद्यार्थी ‘किमान धोका’ लिहून पुढे जातात. खरा धोका सुरू होतो टोपी काढल्यावर, मागे उरलेल्या फाइलपासून.

एमटेक, पीएचडी किंवा डीएमच्या प्रबंधासाठी ईईजी वा एमआरआय डेटावर मॉडेल बसवणाऱ्यांसाठी, आणि रुग्णालयाबरोबर काम करणाऱ्या स्टार्टअपसाठी हे लिहिते आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. क्रम चुकला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

टप्पा १: कोणकोणाची परवानगी लागेल ते ठरवा

कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हे आधी पाहा. इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये बऱ्याचदा अशी कमिटी नसते, आणि मग विभागप्रमुखांची सही हीच मंजुरी समजली जाते. ती मंजुरी नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी लेखी करार करून तिच्याकडे अर्ज करता येतो. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. कराराला वेळ लागतो, म्हणून हे सर्वांत आधी.

त्यानंतर स्वतःला चार प्रश्न विचारा.

तुमचं सॉफ्टवेअर निदान करणार आहे का? ‘ही लहर अपस्माराची’ (फिट येण्याच्या आजाराची) असं रुग्णाच्या बाबतीत सांगणारं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणात मोडू शकतं. १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ च्या कक्षेत आलं आहे. तेव्हा सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची, वाट वेगळी चालावी लागेल.

तुम्ही मेंदूवर काही परिणाम घडवणार आहात का? न्यूरोफीडबॅक (माणसाला त्याच्याच लहरी दाखवून त्या बदलायला शिकवणं) हा हस्तक्षेप आहे. अशा चाचणीची नोंद सीटीआरआयवर (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) पहिला सहभागी घेण्याआधी व्हायला हवी.

परदेशी निधी किंवा भागीदार आहे का? असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा विषय येतो.

डेटा आधीच सार्वजनिक आहे का? उदाहरणार्थ, फिजिओनेट या खुल्या वैद्यकीय डेटा-साठ्यावरचा १०९ स्वयंसेवकांचा, हालचाल करताना आणि तिची कल्पना करताना घेतलेला ईईजी संच. अशा कामाला पुनरावलोकनातून सूट मिळू शकते, पण सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते. विद्यार्थ्याने स्वतःच ठरवून टाकणं ही नेहमी दिसणारी चूक आहे.

*सावधान:* आधी रेकॉर्डिंग आणि मग मंजुरी हे चालत नाही. ‘पायलट म्हणून फक्त मित्रांचा डेटा घेतला’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. मित्रसुद्धा सहभागीच असतात. पहिला इलेक्ट्रोड लागेल तो मंजुरीच्या तारखेनंतरच.

टप्पा २: अनुमानांची यादी लिहा

सगळ्या अर्जाचा पाया हा टप्पा आहे. त्यासाठी पूर्ण एक दिवस ठेवा. कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: आम्ही काय ओळखणार; याच डेटातून आणखी काय कळू शकतं; आम्ही काय कधीच काढणार नाही.

समजा, तुम्हाला बसचालकांची डुलकी ओळखणारं मॉडेल बनवायचं आहे, आठ चॅनेलचा, म्हणजे डोक्यावरच्या आठ जागांहून लहरी टिपणारा, हेडसेट वापरून. पहिला रकाना सोपा आहे: थीटा आणि अल्फा पट्ट्यांतल्या (म्हणजे ठरावीक वेगाच्या लहरींमधल्या) बदलांवरून जागा की झोपाळलेला.

दुसऱ्या रकान्यात विद्यार्थी ‘काही नाही’ लिहितात आणि तिथेच फसतात. त्याच रेकॉर्डिंगमध्ये अपस्मारसदृश लहरी दिसू शकतात. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही औषधांनी बीटा लहरी वाढतात, म्हणजे चालक गोळ्या घेतो असा संशय येऊ शकतो. ईईजीवरून वय आणि लिंग यांचा अंदाज बांधणारी मॉडेलं प्रकाशित झालेली आहेत. काही परिस्थितींत माणसाची ओळखही पटते, कारण प्रत्येकाच्या लहरींची ठेवण थोडी वेगळी असते. आता ही फाइल मालकाच्या हाती पडली तर चालकाच्या नोकरीचं काय होईल, याचा विचार करा. ‘किमान धोका’ हे शब्द आता सहज लिहिता येतील का?

तिसरा रकाना म्हणजे तुमचं वचन: नोकरीसाठी योग्य की अयोग्य हे ठरवणार नाही, औषधांचा किंवा मद्याचा शोध घेणार नाही, भावनिक स्थितीचं लेबल लावणार नाही. हे वचन पुढे माहितीपत्रकात, डेटा करारात आणि कोडच्या परवान्यात जसंच्या तसं यायला हवं. तीन ठिकाणी तीन वेगळी वाक्यं असली की कमिटी अर्ज परत पाठवते, आणि तसंच करायला हवं.

क्षमता फुगवून सांगणं हीसुद्धा चूकच. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटाने एफएमआरआयवरून (मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल टिपणाऱ्या स्कॅनवरून) ऐकलेल्या गोष्टीचा आशय शब्दांत उतरवून दाखवला. त्यासाठी प्रत्येक सहभागी सुमारे १६ तास यंत्रात पडून गोष्टी ऐकत होता. एकावर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्यावर चाललं नाही, आणि सहभागीने मुद्दाम दुसरा विचार सुरू केला की उत्तर बिघडत होतं. आठ चॅनेलच्या हेडसेटबद्दल अर्जात ‘विचार वाचणे’ असं लिहिलंत, तर तुम्ही सहभागीला विनाकारण घाबरवता आणि निधी देणाऱ्याची दिशाभूल करता.

*तपासणी:* यादी प्रकल्पाबाहेरच्या एका माणसाला वाचायला द्या, शक्यतो न्यूरॉलॉजिस्टला. त्याने दुसऱ्या रकान्यात एकही भर घातली नाही, तर यादी बरी झाली असं समजा.

टप्पा ३: डेटाची वाट कागदावर काढा

डोक्यापासून हार्ड डिस्कपर्यंत आणि तिथून नष्ट होईपर्यंत डेटा कुठून कुठे जातो, त्याची आकृती काढा. प्रत्येक बाणावर लिहा: कोणाच्या हातात, किती दिवस.

पहिला बाण हेडसेटचा. बाजारात मिळणारे अनेक हेडसेट कच्चा डेटा कंपनीच्या क्लाउडवर ठेवतात. विकत घेण्याआधी अटी वाचा, आणि क्लाउड बंद ठेवून कच्चा डेटा थेट संगणकावर घेता येतो का ते विचारा. चिलीमध्ये २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात माजी सिनेटर गिदो हिरार्दी यांच्या मेंदूचा डेटा पुसून टाकण्याचा आदेश इमोटिव्ह या हेडसेट बनवणाऱ्या कंपनीला दिला. चिलीने २०२१ मध्येच राज्यघटनेत मेंदूची क्रिया आणि तिच्यातून मिळणाऱ्या माहितीच्या संरक्षणाचा उल्लेख आणला होता. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून आपल्या अर्जातला कागदच सहभागीचं पहिलं संरक्षण ठरतो.

दुसरा बाण फाइलचा. ‘डेटा निनावी केला आहे’ असं प्रत्येक अर्जात असतं. मी फाइल मागते आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. ईडीएफ (ईईजी साठवण्याचा नेहमीचा प्रकार) फाइलच्या सुरुवातीला ८ बाइट्स आवृत्तीचे, पुढचे ८० बाइट्स रुग्णाच्या ओळखीचे, त्यापुढचे ८० रेकॉर्डिंगच्या ओळखीचे असतात, आणि मग तारीख नि वेळ. फाइलचं नाव ‘एस०१’ केलेलं असतं, पण आत रुग्णाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख तशीच. हे मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलं आहे. म्हणून क्रमाने करा:

१. रुग्णाच्या ओळखीचा भाग कोडने बदला.
२. रेकॉर्डिंगच्या ओळखीचा भागही तपासा. ईडीएफ-प्लस या सुधारित प्रकारात तारीख तिथे पुन्हा येते आणि तंत्रज्ञाचं नावही असू शकतं.
३. तारखा प्रत्येक सहभागीसाठी वेगळ्या अंतराने सरकवा.
४. टिपणांचं चॅनेल, म्हणजे लहरींसोबत मजकूर साठवणारा भाग, वाचून काढा. रेकॉर्डिंग चालू असताना तंत्रज्ञ तिथे नावं, तक्रारी, औषधं टाइप करतात.
५. नाव-कोडची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा. ती कोणाकडे आहे ते अर्जात लिहा.

एमआरआय असेल तर चेहरा काढून टाकण्याची प्रक्रिया करा. डोक्याच्या स्कॅनमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ पैकी ७० जणांचा स्कॅन चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांच्या फोटोशी अचूक जुळवून दाखवला होता.

एवढं करूनही ‘निनावी’ लिहू नका. यादी अस्तित्वात आहे तोवर डेटा फक्त कोडबद्ध असतो. हा शब्द नेमका वापरा.

टप्पा ४: सहभागी कोण, आणि ‘नाही’ म्हणणं त्यांना परवडेल का

आपल्याच वर्गातले विद्यार्थी, आपल्याच विभागातले कर्मचारी, आपलेच रुग्ण, हे सगळ्यांत सहज मिळणारे सहभागी. नकार देणं सगळ्यांत अवघड जातं तेही त्यांनाच. संमती घेणारी व्यक्ती गुण देणारी, पगार ठरवणारी किंवा उपचार करणारी नसावी. बसचालकांच्या उदाहरणात आगारप्रमुखाने नावं देऊ नयेत. फलक लावा, इच्छुकांनी थेट तुमच्याशी संपर्क साधावा, आणि कोण आलं, कोण नाही हे मालकाला कळू नये.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ इथेच लागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संशोधनासाठी कायद्यात सूट आहे, पण तिला अट आहे: त्या डेटावरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेतला जाता कामा नये, आणि ठरवून दिलेली मानकं पाळली जावीत. म्हणजे एका चालकाचा डुलकीचा आकडा मालकाला दिला आणि त्याने ड्यूटी बदलली, की सूट संपली. ‘संशोधन आहे, कायदा लागू नाही’ असं सरसकट वाक्य लिहू नका.

मुलांच्या बाबतीत जास्त थांबून विचार करा. या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याला मनाई आहे. आयसीएमआरच्या तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयोगटाची तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी अनुमती पालकांच्या संमतीबरोबर घ्यावी लागते. ‘शाळेत लक्ष किती लागतं ते हेडबँडने मोजू’ असे प्रस्ताव येतात. २०१९ मध्ये चीनच्या झजियांग प्रांतात एका प्राथमिक शाळेने हे केलं होतं. पालक आणि समाजमाध्यमांतून टीका झाल्यावर वापर थांबवावा लागला. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने तर शाळा आणि कामाच्या ठिकाणी जैवमितीय डेटावरून भावना ओळखणारी एआय २ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली आहे. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. तुमचा भागीदार युरोपात असेल तर प्रस्ताव त्या कसोटीवरही तपासून घ्या.

टप्पा ५: माहितीपत्रक मराठीत लिहा, भाषांतर करू नका

इंग्रजी मसुदा भाषांतरकाराकडे टाकला की असं काहीतरी येतं: ‘प्रस्तुत अभ्यासांतर्गत आपल्या मस्तिष्कीय विद्युत क्रियाशीलतेचे अभिलेखन व संगणकीय विश्लेषण करण्यात येईल.’ यावर सही करणाऱ्याला काय कळलं? त्याऐवजी हे पाहा:

‘तुमच्या डोक्यावर कापडी टोपी घालू. तिच्यात आठ लहान चकत्या आहेत. त्या मेंदूतून येणारी अगदी बारीक वीज मोजतात. तुमच्या डोक्यात वीज सोडत नाहीत. ही नोंद संगणकाला देऊन तुम्ही जागे आहात की डुलकी येते आहे, हे तो ओळखतो का ते आम्ही पाहणार आहोत. याच नोंदीतून एखाद्या आजाराची खूणही दिसू शकते. तशी दिसली तर काय करायचं, हे खाली तुम्हाला विचारलं आहे.’

शेवटची दोन वाक्यं टप्पा २ च्या दुसऱ्या रकान्यातून आली आहेत. तो रकाना कोरा सोडला असता, तर ती सुचलीच नसती.

शारीरिक तयारीही याच पानावर सांगा: आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. तेलामुळे चकत्यांचा संपर्क बिघडतो, आणि हे आधी न सांगितल्यामुळे लांबून आलेल्या सहभागींना परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. जेल केसांना चिकटतं, धुण्याची सोय आहे का ते लिहा. डोक्यावरचा पदर, स्कार्फ किंवा पगडी काढावी लागणार असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि स्त्री तंत्रज्ञाची व स्वतंत्र खोलीची सोय ठेवा.

संमतीची एकच सही घेऊ नका. चार वेगळ्या चौकटी ठेवा: रेकॉर्डिंगला संमती, या मॉडेलसाठी वापराला, पुढच्या, वेगळ्या संशोधनासाठी जपून ठेवायला, इतर संशोधकांना द्यायला. शेवटच्या तिन्हींना ‘नाही’ म्हणूनही सहभागी होता येतं की नाही, हेही लिहा.

माघार घेण्याबद्दल खरं लिहा. ‘कधीही माघार घेता येईल’ हे अर्धंच खरं आहे. मॉडेल शिकून झाल्यावर एका माणसाचा डेटा त्यातून वेगळा काढणं सहसा जमत नाही. म्हणून तारीख द्या: ‘या तारखेपर्यंत सांगितलंत तर तुमची नोंद पुसू आणि मॉडेलमध्ये वापरणार नाही. त्यानंतर मूळ नोंद पुसू, पण तयार झालेल्या मॉडेलमधला तिचा प्रभाव काढता येणार नाही.’

‘तुमची माहिती पूर्णपणे गुप्त राहील’ हेही लिहू नका. ‘कायद्याने भाग पाडलं नाही तर कोणालाही देणार नाही’ एवढंच वचन पाळता येतं. या राज्यात तरी हा मुद्दा कल्पनेतला नाही. २००८ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत चाचणीचा निष्कर्ष पुराव्यात धरून शिक्षा सुनावली होती. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. पण तो निकाल सक्तीच्या चाचणीबद्दल आहे. तुमच्या प्रयोगशाळेत स्वेच्छेने दिलेली, डिस्कवर पडून असलेली नोंद आपोआप त्याच्या आड सुरक्षित होते, असं सहभागीला सांगू नका. गरजेपेक्षा जास्त दिवस नोंद न ठेवणं हाच इथे भरवशाचा उपाय.

*तपासणी:* माहितीपत्रक दोघांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि ‘यात तुमचं काय होणार आहे?’ असं विचारा. उत्तरात अडखळलेली वाक्यं बदला. मग कमिटीसाठी उलट भाषांतर (मराठी मसुद्याचं पुन्हा इंग्रजी) करून जोडा.

टप्पा ६: अनपेक्षित काही दिसलं तर

पहिल्या रेकॉर्डिंगआधीच चार ओळींचा नियम लिहा: संशयास्पद लहर कोण पाहणार, किती दिवसांत, सहभागीला कोण सांगणार, पुढच्या तपासणीचा खर्च कोण देणार. सहभागीने ‘मला कळवू नका’ अशी चौकट निवडली असेल तर काय, हे चालकांसारख्या अभ्यासात विशेष कठीण आहे, कारण प्रश्न प्रवाशांच्या जिवाचाही असतो. कमिटीला यावर तयार उत्तर नको असतं. तुम्ही विचार केला आहे का, ते पाहायचं असतं.

मॉडेलने दिलेलं लेबल सहभागीला कधीही सांगू नका. न्यूरॉलॉजिस्टने मूळ लहरी पाहिल्यावरच बोला.

टप्पा ७: मॉडेलची चाचणी कशी करणार ते लिहा

‘हा तांत्रिक भाग, कमिटीचा काय संबंध?’ असं मार्गदर्शकही विचारतात. संबंध आहे. चुकीच्या चाचणीतून आलेली ९८ टक्के अचूकता उद्या कोणाच्या तरी नोकरीवर किंवा उपचारावर वापरली जाते.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक अशी: एका माणसाचं रेकॉर्डिंग दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांत कापायचं, सगळ्यांचे तुकडे एकत्र मिसळायचे आणि त्यातले काही शिकवायला, काही तपासायला घ्यायचे. मग मॉडेल डुलकीऐवजी माणूस ओळखायला शिकतं. विभागणी माणसांची करा, तुकड्यांची नको: तपासणीतल्या माणसाचा एकही तुकडा शिकवताना आलेला नसावा. गाळण (लहरींतला गोंगाट काढणं) आणि वैशिष्ट्यांची (मॉडेल ज्या खुणा पाहणार त्यांची) निवडही विभागणीनंतरच करा. चुका कोणत्या गटात जास्त होतात, स्त्रिया, दाट वा कुरळे केस असलेले, वयस्क, हे वेगळं मांडण्याची तयारी अर्जातच दाखवा.

टप्पा ८: सादर करा, आणि मंजुरीनंतर काय ते विसरू नका

कागद या क्रमाने लावा: एक पानाचा सारांश, अनुमानांची यादी, प्रोटोकॉल (अभ्यासाची सविस्तर योजना), डेटाची आकृती, माहितीपत्रक व संमतीपत्र दोन्ही भाषांत, उलट भाषांतर, अनपेक्षित निष्कर्षाचा नियम, भागीदारांशी करार. यादी दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. सदस्य बैठकीआधी रात्री वाचतात आणि पुढची पानं तिच्या उजेडात वाचली जातात. प्रत्येक पानावर आवृत्ती आणि तारीख घाला.

मंजुरी मिळते ती लिहिलेल्या अनुमानांसाठी. डुलकीसाठी घेतलेल्या डेटावर सहा महिन्यांनी ‘ताण ओळखू या’ असं वाटलं, तर तो नवा वापर आहे. सुधारित अर्ज द्या, आणि संमतीपत्रातली तिसरी चौकट ज्यांनी भरली नाही त्यांचा डेटा बाजूला काढा. कोडमधली एक ओळ बदलली म्हणून सहभागीने दिलेलं उत्तर बदलत नाही.

अभ्यास संपल्यावर नाव-कोडची यादी ठरलेल्या दिवशी दोघांच्या साक्षीने नष्ट करा. बॅकअप, पेन ड्राइव्ह, सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप आणि क्लाउडचं फोल्डर, प्रत्येक ठिकाणी पाहा, सह्या घ्या, आणि त्या कागदाची प्रत कमिटीच्या सदस्य सचिवांकडे पाठवा.